होडीची खिडकी : एका भोकाचा इतिहास

पावसाळ्यात स्लायडिंगच्या खिडकीतून पाणी आत येणं हा आपल्याकडच्या फ्लॅटधारकांचा राष्ट्रीय विषय आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यावर भांडणं होतात, कुणीतरी सिलिकॉनची नळी घेऊन येतो, एक पावसाळा जातो आणि पुढच्या जूनमध्ये परत तेच. फार फार तर भिंतीचा रंग जातो. घर काही बुडत नाही.

होडीचं तसं नसतं. आज मी ज्या विषयावर लिहितोय तो ऐकून तुम्ही म्हणाल की याला शनिवारी दुसरं काही काम नव्हतं का. विषय आहे जुन्या शिडाच्या बोटीच्या केबिनच्या खिडक्या बदलणे. युरोप-अमेरिकेत १९६० आणि ७० च्या दशकांत बनलेल्या फायबरग्लासच्या हजारो बोटी अजून तरंगतायत. त्या सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळतात, आणि घेणाऱ्याच्या कामाच्या यादीत पहिल्या पाचात हे काम हमखास असतं. खिडकीचं पॅनेल पिवळं पडलेलं असतं, त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असतात आणि खालच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकत असतं. काम वरवर सोपं. वीसेक स्क्रू काढा, नवीन पॅनेल कापा, सीलंट लावा, बसवा.

पण या वीस स्क्रूंच्या मागे चार-पाचशे वर्षांचं एक भांडण आहे. आत राहणाऱ्या माणसाला उजेड हवा असतो आणि बोटीला कुठेही भोक नको असतं. या भांडणात कधी एक बाजू जिंकली, कधी दुसरी, आणि मधल्या मधे बरीच माणसं मेली. तो इतिहास कळला की ते स्क्रू जरा वेगळ्या नजरेनं दिसतात.

*

सुरुवात खिडकीपासून नाही, तोफेपासून करावी लागते. इंग्रजीत जहाजाच्या गोल खिडकीला 'पोर्टहोल' म्हणतात. यातला पोर्ट म्हणजे बंदर नव्हे. तो लॅटिन 'पोर्ता', म्हणजे दार. जहाजाच्या बाजूला दारं पाडली गेली ती तोफांची तोंडं बाहेर काढण्यासाठी. तोफ प्रचंड जड, ती वरच्या डेकवर ठेवली तर जहाज डोईजड होतं. म्हणून ती खाली ठेवायची, आणि खाली ठेवायची तर बाजूला भोक पाडायचं. भोकाला बिजागरीचं झाकण.

झाकण उघडं असताना जहाज कललं तर काय होतं? १० ऑगस्ट १६२८ ला स्टॉकहोमच्या लोकांनी ते किनाऱ्यावर उभं राहून पाहिलं. स्वीडनच्या राजाची नवीकोरी युद्धनौका 'वासा' पहिल्याच सफरीवर निघाली, दीडएक किलोमीटरही गेली नसेल, वाऱ्याचा एक झोत आला, जहाज कललं, खालच्या रांगेतल्या उघड्या झाकणांतून पाणी आत शिरलं आणि ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बुडाली. मूळ दोष तिच्या तोलातच होता हे खरं. पण पाणी आत आलं ते भोकांतून. इंग्लंडची 'मेरी रोझ' १५४५ मध्ये बुडाली, तिथेही उघड्या तोफदारांचंच नाव घेतलं जातं.

म्हणजे पहिला धडा चारशे वर्षांपूर्वीच मिळाला होता. भोक पाडणं सोपं आहे, ते वेळेवर बंद होणं महत्त्वाचं.

उजेडाची गोष्ट वेगळ्या टोकाला चालू होती, अगदी शब्दशः. मोठ्या शिडाच्या जहाजांत कप्तानाची केबिन मागच्या टोकाला असायची आणि तिला चांगल्या ऐसपैस काचेच्या खिडक्या असायच्या. याचा एक नमुना मूळचा आपल्या मुंबईचा आहे. 'एचएमएस ट्रिंकोमाली' ही फ्रिगेट वाडियांनी मुंबईच्या गोदीत सागवानात बांधली आणि १८१७ मध्ये पाण्यात सोडली. ती आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे. दोनशे वर्षं टिकलेलं सागवान! तिच्याही पिछाडीला अशा खिडक्यांची रांग आहे. आता मागून मोठ्या लाटा यायला लागल्या की या खिडक्यांचं काय करायचं? अशा जहाजांत त्यावर बाहेरून भक्कम लाकडी फळ्या ठोकायचे. त्या फळ्यांना नाव होतं 'डेडलाइट', मेलेला उजेड. वादळ आलं की उजेड मारायचा, वादळ गेलं की जिवंत करायचा. हिशोब स्पष्ट होता.

खलाशांच्या नशिबी मात्र अंधारच. जहाजाच्या पोटात दिवा लावायचा म्हणजे उघडी ज्योत, आणि भोवती लाकूड, डांबर, दोरखंड. त्यावर एक झकास तोडगा निघाला, डेकमध्ये बसवलेला काचेचा लोलक. वरून सपाट, डेकच्या पातळीत, त्यावरून चालता येईल असा. खालून निमुळता टोकदार, म्हणजे वरचा उजेड खाली चारी दिशांना पसरतो. 'चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन' या १८४१ च्या अमेरिकन व्हेलशिकारी जहाजातले लोलक प्रसिद्ध आहेत. हे जहाज आज कनेटिकटमधल्या मिस्टिक इथं जपून ठेवलंय. भोक लहान, काच जाड, आणि उजेड पुरेसा. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत शहाणं डिझाइन हेच.

*

पुढे लोखंडी जहाजं आली, आणि पितळी चौकटीतली, जाड काचेची, स्क्रूनं घट्ट आवळायची गोल खिडकी सर्रास झाली. गोल का, तर कोपरा नाही म्हणून. आपण इंजिनिअरिंगला 'स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन' नावाचा प्रकार परीक्षेपुरता पाठ करतो. एखाद्या पत्र्यात भोक पाडलं की त्या भोकाच्या कडेला ताण वाढतो, आणि भोकाला टोकदार कोपरा असेल तर त्या कोपऱ्यावर तो भलताच वाढतो.

याचा मोठा पुरावा दुसऱ्या महायुद्धात मिळाला. अमेरिकेनं १९४१ ते ४५ मध्ये २,७१० 'लिबर्टी' मालवाहू जहाजं बांधली. जोडणी रिव्हेट न मारता वेल्डिंगनं. त्यांतल्या कित्येकांना थंड पाण्यात तडे गेले, काहींचे तर चक्क दोन तुकडे झाले. अनेक तडे सुरू झाले होते ते डेकवरच्या मालाच्या दारांच्या चौकोनी कोपऱ्यांपासून. थंडीत ते पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं हे केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या संशोधक बाईंनी दाखवून दिलं. कोपरे गोलसर केले, कडा मजबूत केल्या, तडे कमी झाले. १९५४ मध्ये 'कॉमेट' विमानांच्या अपघातांनी हाच धडा आकाशात परत शिकवला.

तेव्हा जुनी खिडकी बदलताना कुणी भोक करवतीनं चौकोनी कापून मोठं करत असेल, तर त्याचा हात धरा. :-)

*

आता छोट्या बोटींकडे येऊ. जहाजावर माणसं शेकड्यांनी, इथे दोन-तीन. बोट तीस-चाळीस फुटांची. आत उभं राहता यावं म्हणून डेकच्या वर एक खोकं उभारायचं आणि त्याच्या बाजूंना खिडक्या. यालाच केबिन म्हणायचं. समुद्राच्या दृष्टीनं मात्र ते डेकवर नुसतं ठेवलेलं खोकंच असतं.

१४ फेब्रुवारी १९५७. दक्षिण पॅसिफिक महासागर. 'त्झू हांग' नावाची ४६ फुटी बोट मेलबर्नहून केप हॉर्नकडे निघालेली. बोटीवर माइल्स आणि बेरिल स्मीटन हे जोडपं आणि जॉन गझवेल हा तरुण. माइल्स हे ब्रिटिशकालीन भारतीय लष्करातले निवृत्त ब्रिगेडियर. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते. त्या सकाळी सुकाणूवर बेरिल होत्या. मागून एक राक्षसी लाट आली आणि बोट पुढच्या टोकावरून उलटली. बेरिल समुद्रात फेकल्या गेल्या. दोन्ही डोलकाठ्या गेल्या. आणि केबिनचं ते वरचं खोकं मुळासकट उपटून गेलं. डेकमध्ये सुमारे सहा फूट बाय सहा फुटांचं भोक आणि आत गळ्याशी येणारा समुद्र.

बेरिल जखमी अवस्थेत पोहत परत आल्या. तिघांनी बादल्यांनी तासन् तास पाणी उपसलं. गझवेल सुतारकामात पटाईत होता, त्यानं मोडक्या फळ्या आणि शिडाचं कापड वापरून ते भोक झाकलं, तुटक्या लाकडांची डोलकाठी उभी केली आणि महिन्याभरानं ते चिलीच्या कोरोनेल बंदरात पोचले. माइल्सनी नंतर यावर पुस्तक लिहिलं, 'वन्स इज इनफ', म्हणजे एकदा झालं तेवढं पुरे. गंमत अशी की दुरुस्ती करून ते परत केप हॉर्नला निघाले आणि त्यांची बोट परत उलटली!

यातली खरी मेख बघा. बोट बुडायला आली ती तळाला भोक पडलं म्हणून नव्हे. तळ शाबूत होता. गेलं ते वरचं, राहण्याच्या सोयीसाठी उभारलेलं.

अकरा वर्षांनी दुसरी गोष्ट, पुन्हा मुंबईची. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश मर्चंट नेव्हीतला अधिकारी १९६० च्या दशकात मुंबईत होता. त्यानं कुलाब्याला सागवानाची ३२ फुटी बोट बांधून घेतली, इथल्या सुतारांकडून, हातानं चालवायच्या हत्यारांनी. नाव 'सुहैली'. हीच बोट घेऊन तो १४ जून १९६८ ला इंग्लंडच्या फाल्मथहून एकटा निघाला आणि कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला परतला. असं करणारा जगातला पहिला माणूस.

पण सप्टेंबर १९६८ मध्ये, केप ऑफ गुड होपच्या आसपास, एका लाटेनं सुहैलीला आडवं पाडलं. बोट सरळ झाल्यावर त्याला दिसलं की केबिनच्या कडेनं चिरा गेल्यात, ते सगळं बांधकाम किंचित सरकलंय. तळाचं सागवान ठीक होतं, काळजी परत त्या खोक्याचीच. ते गेलं असतं तर त्याचंही 'त्झू हांग' झालं असतं, आणि तो एकटा होता. त्यानं जमेल तसे जोड पक्के केले आणि पुढे निघाला.

*

सुहैली जुन्या पद्धतीची शेवटच्या काळातली बोट म्हणायची. कारण तोवर बाजार बदलला होता. जानेवारी १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या बोट शोमध्ये पिअर्सन बंधूंनी 'ट्रायटन' नावाची २८ फुटी फायबरग्लासची बोट मांडली. किंमत दहा हजार डॉलरच्या आत. अशा सुमारे सातशे बोटी विकल्या गेल्या. साचा एकदा केला की बोटी भराभर निघतात. नोकरदार माणसाला बोट परवडायला लागली आणि बोट विकण्याची जागा गोदीऐवजी प्रदर्शनाचा हॉल झाली.

प्रदर्शनात लाट नसते. तिथे माणूस आत येतो, सोफ्यावर बसतो आणि म्हणतो, वा, काय उजेड आहे! पुढच्या दोन दशकांत कितीतरी बोटींच्या खिडक्या मोठ्या होत गेल्या त्याचं हे मोठं कारण. (क्लायंट डेमोत काय आवडतं आणि प्रॉडक्शनमध्ये काय टिकतं, हा प्रश्न आपल्याला काही नवीन नाही.)

आणि मोठी खिडकी शक्य झाली ती ॲक्रिलिकमुळे. हे पारदर्शक प्लॅस्टिक १९३० च्या दशकात बाजारात आलं. इंग्लंडमध्ये पर्स्पेक्स, जर्मनीत प्लेक्सिग्लास. युद्धात लढाऊ विमानांची छत्रं याचीच होती. वैमानिकांच्या डोळ्यांत त्याच्या कपच्या गेल्या तरी डोळा त्या सहन करतो हे हॅरॉल्ड रिडली या डॉक्टरच्या लक्षात आलं आणि १९४९ मध्ये लंडनला त्यानं डोळ्यात पहिली कृत्रिम लेन्स बसवली. आपल्या आजी-आजोबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची मुळं तिथपर्यंत जातात. असो, विषयांतर झालं.

ॲक्रिलिक हलकं, काचेपेक्षा कमी ठिसूळ, करवतीनं कापता येतं. पण त्याची एक खोड आहे, ते तापलं की फार पसरतं. हिशोब करून बघू. एक मीटर लांबीचं पॅनेल, रात्रीपासून दुपारच्या उन्हापर्यंत ४० अंशांचा फरक. ॲक्रिलिक जवळपास ३ मिलिमीटर वाढतं, भोवतालचं फायबरग्लास साधारण १ मिलिमीटर. फरक दोन मिलिमीटरचा. आता हे पॅनेल तुम्ही घट्ट भोकांतून स्क्रू मारून आवळलंय. ते रोज पसरू बघतंय, रोज आक्रसतंय, चाळीस वर्षं. मग स्क्रूच्या भोकापासून भेग निघते, सीलंट सुटतं, पाणी आत येतं. खिडकी नुसत्या म्हातारपणानं गळत नाही. एकमेकांशी कधीच न पटलेल्या दोन पदार्थांना आपण बळजबरीनं बांधून ठेवलेलं असतं.

वाईट म्हणजे पाणी नेहमी गादीवर पडत नाही. बऱ्याच बोटींच्या डेक-केबिनमध्ये फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये हलक्या बाल्सा लाकडाचा किंवा प्लायवूडचा गाभा असतो. पाणी गुपचूप त्यात मुरतं, गाभा कुजतो, आणि बाहेरून सगळं चकाचक दिसत राहतं.

*

या मोठ्या खिडक्यांच्या काळाची परीक्षा ऑगस्ट १९७९ मध्ये झाली. इंग्लंड ते आयर्लंडजवळचा फास्टनेट खडक आणि परत, अशी शर्यत. ३०३ बोटी निघाल्या आणि वादळात सापडल्या. शर्यतीतले १५ जण मेले. २४ बोटी खलाशांनी सोडून दिल्या, पण त्यांतल्या फक्त ५ बुडाल्या. बाकीच्या १९ नंतर तरंगताना सापडल्या! चौकशीत पुढे आलेल्या दोषांत एक ठळक होता. केबिनच्या दाराच्या सरकत्या फळ्या बोट उलटल्यावर निसटून पडत होत्या. म्हणजे परत भोक आणि त्याचं झाकण. 'वासा'ला ३५१ वर्षं झाली होती.

त्याच शर्यतीत सर्वांत लहान बोटींच्या गटात ५८ बोटी होत्या. त्यांतली शर्यत पूर्ण करणारी एकच, 'असेंट' नावाची काँटेसा ३२. बुटकी केबिन, अरुंद, आत जरा कोंदट. प्रदर्शनात तिच्या शेजारच्या बोटी नक्कीच जास्त आवडल्या असतील.

१९९८ च्या सिडनी-होबार्ट शर्यतीत ११५ पैकी ४४ च बोटी पोचल्या, सहा माणसं गेली. 'स्टँड असाइड' नावाच्या बोटीच्या केबिनचं छप्पर उलटताना फाटलं. बाराही जणांना हेलिकॉप्टरनं उचललं.

एक गोष्ट सहसा उलटी समजली जाते. आपल्याला वाटतं लाट ज्या बाजूनं येते त्या बाजूची खिडकी फुटेल. बऱ्याचदा फुटते ती दुसऱ्या बाजूची. लाट बोटीला उचलते आणि पलीकडच्या खोलगटात आडवी आपटते. त्या वेगाला पाणी काँक्रीटसारखं लागतं. म्हणून सागरी शर्यतींच्या नियमांत दोन चौरस फुटांपेक्षा मोठ्या खिडक्यांसाठी वादळी झाकणं बरोबर ठेवा असं कलम आलं. २००२ मध्ये लहान बोटींच्या खिडक्यांसाठी आयएसओ १२२१६ हे वेगळं मानक आलं. डेडलाइट परत आला, फक्त आता नियमाच्या भाषेत.

*

तर आता ते वीस स्क्रू.

आज शहाणा मालक खिडकी बदलतो ती अशी. जुनं पॅनेल काढल्यावर आधी कडेचा गाभा टोकरून बघायचा. कुजला असेल तर खरवडून तिथे इपॉक्सी भरायचं. नवीन ॲक्रिलिक ओतीव प्रकारचं घ्यायचं, कोपरे गोल ठेवायचे. स्क्रूची भोकं स्क्रूपेक्षा मोठी पाडायची म्हणजे पॅनेलला हलायला जागा राहते. शंकूसारख्या डोक्याचे स्क्रू वापरायचे नाहीत, ते पाचरीसारखं काम करून भेग पाडतात. सपाट डोकं आणि खाली वायसर. पुसायला ॲसिटोन नको, त्यानं जाळीदार भेगा पडतात. आणि मुख्य म्हणजे आवळून सगळं सीलंट बाहेर काढायचं नाही. मधे दोन-तीन मिलिमीटरचा थर राहू द्यायचा, कारण ताणलं जाणार आहे ते त्या थरानंच. आयटी पार्कच्या काचेच्या इमारतींना बाहेरून काचा चिकटवतात तेच लवचीक सिलिकॉन हल्ली इथेही वापरतात.

पण या सगळ्याच्या आधी एक प्रश्न असतो. भोक आहे तेवढंच ठेवायचं का?

शीटची जाडी दुप्पट केली, सहाची बारा मिलिमीटर, तर ती साधारण चौपट दाब सोसते. आणि जाडी तीच ठेवून खिडकीची लांबी-रुंदी निम्मी केली, तरी ती चौपटच दाब सोसते. हिशोब एकच. फरक असा की जाड शीट विकत मिळते, आणि लहान भोकासाठी काहीतरी सोडावं लागतं, उजेड, बाहेरचा देखावा, पाहुण्यांचं 'वा'.

अभिलाष टॉमी २०१८ मध्ये गोव्यात बांधलेल्या 'थुरिया'वरून गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले होते. ती सुहैलीचीच प्रतिकृती. हिंदी महासागरात ती उलटली, डोलकाठी गेली, त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली आणि तीन दिवसांनी त्यांची सुटका झाली. तोवर ते बोटीतच पडून होते. सुटका होईपर्यंत बोट तरंगत राहिली, हेच त्या बोटीचं सर्वांत मोठं काम. २०२२ च्या शर्यतीत ते परत उतरले, या वेळी १९८८ मध्ये बांधलेल्या जुन्या फायबरग्लासच्या रस्लर ३६ जातीच्या 'बायानात'वर, आणि २०२३ मध्ये दुसरे आले. जुन्या बोटी नीट दुरुस्त केल्या तर काय करू शकतात ते दिसलं.

बंदरातून दर रविवारी तासभर फिरून येणाऱ्याला मोठी खिडकी खुशाल असावी. खोल समुद्रात जाणाऱ्यानं मात्र लहान भोक, जाड शीट आणि हाताशी झाकण, या तिन्हीपैकी काही सोडू नये. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी प्रदर्शनाच्या हॉलसाठी घेतलेला निर्णय त्याच्या वाट्याला आलेला असतो. स्क्रू काढलेल्या त्या एका दुपारी तो बदलता येतो. नवीन शीट चिकटवली की पुढची वीस-तीस वर्षं नाही.